नजर आवरण्याचे शास्त्र

सोनपेठसारख्या गावात पुष्कळ घरी एकाच खोलीत टीव्ही, मोबाईल आणि अभ्यास चालतो. आवाज झाला की मूल पुस्तकातून मान वर करते आणि वडीलधारी माणसे म्हणतात, "याचे लक्षच नाही." हा दोष मुलाच्या स्वभावाचा की मेंदूच्या घडणीचा, याचा थोडा विचार आपण करू.

प्रथम एक साधा प्रयोग करून पाहावा. समोर बसलेल्या मित्राला आपल्या नाकाकडे पाहण्यास सांगावे. दोन्ही हात दोन बाजूंना धरून एकच बोट हलवावे. मित्राने त्या बोटाकडे न पाहता दुसऱ्या हाताकडे पाहायचे. सांगायला सोपे, पण नजर अधूनमधून चुकतेच. याच तत्त्वाची चाचणी टोरोंटो येथील पीटर हॅलेट यांनी १९७८ साली मांडली.

अचानक हललेल्या वस्तूकडे डोळे वळविण्यात मध्यमेंदूतील 'सुपीरियर कॉलिक्युलस' या भागाचा मोठा वाटा असतो. हे सुमारे एक पंचमांश सेकंदात घडते. ही ओढ दोष नव्हे. संकट चटकन दिसावे म्हणून ती उपयोगीच आहे. ती आवरून ठरविलेल्या दिशेला पाहण्यासाठी कपाळामागील अग्रखंड लागतो. १९८५ साली मॉन्ट्रियल येथे, अपस्मारावरील शस्त्रक्रियेत या खंडाचा भाग काढलेल्या रुग्णांची तपासणी झाली. काहींना सूचना समजत होती, तरीही नजर आवरत नव्हती.

पुढे माकडांवरील प्रयोगांत महत्त्वाची गोष्ट आढळली. नजर आवरायची आहे हे आधी ठाऊक असले, तर वस्तू दिसण्यापूर्वीच डोळे वळविणाऱ्या पेशी मंदावतात. त्या मंदावल्या नाहीत की चूक होते. म्हणजे ब्रेक आधीच लावावा लागतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही आदित्य मूर्ती यांनी नजरेच्या नियंत्रणावर संशोधन केले आहे.

ही शक्ती जन्मतः पूर्ण नसते. लहान मुले या चाचणीत वारंवार चुकतात. चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास ती मोठ्यांच्या जवळ येतात. तेव्हा पालकांनी सात-आठ वर्षांच्या मुलाला रागावण्याआधी टीव्ही बंद करावा. विद्यार्थ्यांनी मोबाईल वाजल्यावर मनाशी झगडण्यापेक्षा, अभ्यासाला बसण्यापूर्वीच तो दुसऱ्या खोलीत किंवा शेजाऱ्यांकडे ठेवावा. एवढी व्यवस्था प्रत्येक घरी होऊ शकते, असे आम्हांस वाटते.