प्रतिस्पर्ध्याच्या ट्रेडमार्कला विरोध: सरकारी फी 2,700, बाकीचा खर्च कुठे?

भांडुपच्या गाळ्यात किंवा घरच्या स्वयंपाकघरात तुम्ही साबण, उटणे, केसांचे तेल, फेस क्रीम बनवता. नाव चार दुकानांत चालू लागले आहे. आता कळते, की तुमच्याशी मिळतेजुळते नाव दुसऱ्या कोणी ट्रेडमार्कसाठी टाकले आहे. वकिलाला फोन करण्याआधी एक तारीख शोधा: त्यांचा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये कोणत्या दिवशी छापला गेला?

जर्नल दर सोमवारी आयपी इंडियाच्या सरकारी संकेतस्थळावर निघते. तिथेच ‘पब्लिक सर्च’ आहे. नाव, क्लास 3 (सौंदर्यप्रसाधनांचा वर्ग), शोध. पैसे लागत नाहीत. शोध दोनदा करा: एकदा स्पेलिंगने, एकदा उच्चाराने, म्हणजे ‘फोनेटिक’ निवडून. अर्जाचा क्रमांक मिळाला की स्टेटस बघा. ‘ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाइज्ड’ असेल तर घड्याळ सुरू झाले आहे. ‘ऑब्जेक्टेड’ असेल तर अजून जाहिरात झालेली नाही. विरोध आताच दाखल होत नाही, फक्त नजर ठेवायची.

जर्नलच्या तारखेपासून चार महिने. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 21 मध्ये एवढीच मुदत आहे आणि ती वाढत नाही. पूर्वी तीन अधिक एक महिना अशी सोय होती, ती आता गेली. ‘साहेबांशी बोलून मुदत वाढवून देतो’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठा. जर्नल 6 जुलैचे असेल तर 6 नोव्हेंबरची वाट बघू नका. ऐन वेळी पोर्टल अडकते, पेमेंट लटकते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काम संपवा.

विरोधाची नोटीस देण्याचा फॉर्म टीएम-ओ. ऑनलाइन 2,700 रुपये, कागदावर 3,000, दोन्ही दर एका क्लासमागे. एकाच अर्जात दोन क्लास असतील आणि दोन्हींना विरोध करायचा असेल तर ऑनलाइन 5,400. सौंदर्यप्रसाधने, साबण, अत्तर, केसांची तेले आणि अगरबत्तीसुद्धा क्लास 3 मध्ये येतात. औषधी मलम, आयुर्वेदिक औषध क्लास 5 मध्ये, ब्युटी पार्लर 44 मध्ये. प्रतिस्पर्ध्याने तिन्ही मागितले असले तरी तुमचे नुकसान कशात आहे तेवढ्याचेच पैसे भरा.

इथे बरेच जण फसतात. स्वतःच्या ट्रेडमार्कचा अर्ज करताना व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन एका क्लासमागे 4,500 रुपये पडतात, इतरांना 9,000. लघुउद्योगाला ही सवलत उद्यम प्रमाणपत्रावर मिळते. विरोधाच्या फीला ती लागू नाही. 2,700 सगळ्यांना सारखेच. उद्यम दाखवून फी कमी करून देतो म्हणून कोणी वर पैसे मागत असेल तर देऊ नका. उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर फुकट होते.

मुंबईचे ट्रेडमार्क कार्यालय अँटॉप हिलला, बौद्धिक संपदा भवनात आहे. भांडुपहून कुर्ल्याला उतरून हार्बर लाइनने गुरू तेग बहादूर नगर, पुढे टॅक्सी. पण जायची गरज सहसा पडत नाही. दाखल करणे ऑनलाइन, सुनावणी बहुधा व्हिडिओवर. स्वतः दाखल करायचे असेल तर क्लास 3 चे डिजिटल सिग्नेचर लागते. हा क्लास 3 वेगळा, त्याचा प्रसाधनांशी संबंध नाही. वकील किंवा एजंट त्यांच्याच सिग्नेचरने भरतात, म्हणून त्यांना नेमल्यावरही तुमच्या नावाने वेगळे सिग्नेचर विकत घ्यायला लावले तर कारण विचारा.

एक गोष्ट सुरुवातीलाच बघा: प्रतिस्पर्ध्याचा अर्ज कोणत्या कार्यालयात आहे? मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, अहमदाबाद अशी पाच कार्यालये आहेत. समोरचा दिल्लीचा असेल तर विरोध दिल्ली कार्यालयात चालतो आणि पुढे अपील झाले तर दिल्ली उच्च न्यायालयात. तिथला वकील म्हणजे वेगळा खर्च. हा प्रश्न नोटीस टाकण्याआधी विचारलेला बरा.

विरोध कोणालाही करता येतो. तुमचा स्वतःचा ट्रेडमार्क नोंदलेला असलाच पाहिजे असे नाही. नोंदणी असेल तर काम सोपे. नसेल तर ‘आम्ही आधीपासून वापरतो’ हे दाखवावे लागते, आणि सगळा खटला मग कागदांवर उभा राहतो.

कागद कोणते? एफडीएकडून मिळालेला उत्पादनाचा परवाना, म्हणजे कॉस्मेटिक्स रूल्स 2020 खालचा सीओएस-8. दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेत असाल तर सीओएस-9. जीएसटी नोंदणी आणि रिटर्न. लेबल छापणाऱ्याचे बिल, बाटली-डबीचे बिल, ऑनलाइन विक्रीच्या पानांचे तारखेसह स्क्रीनशॉट, इन्स्टाग्राम जाहिरातीच्या पावत्या, कुरिअरच्या स्लिपा, विक्री आणि जाहिरातखर्चाचे सीएचे प्रमाणपत्र. आणि विक्रीची बिले, जुन्यात जुनी.

आता तुमचे बिलबुक उघडा. बहुतेक बिलांवर काय लिहिले आहे? ‘बॉडी लोशन 100 मिली, 24 नग.’ ब्रँडचे नाव कुठेच नाही. असे बिल तुमची विक्री सिद्ध करते, नावाचा वापर सिद्ध करत नाही. जुनी बिले बदलता येणार नाहीत, बदलायचा विचारही करू नका. बनावट बिल समोर आले तर खरी बिलेही संशयात जातात. अशा वेळी त्याच महिन्याचे लेबल छपाईचे बिल आणि दुकानदाराने व्हॉट्सॲपवर नाव घेऊन दिलेली ऑर्डर जोडून द्या. आणि आजपासून प्रत्येक बिलावर ब्रँडचे नाव छापून घ्या. स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वकील तयार करतो. त्याचे वेगळे पैसे आहेत का, आधीच विचारा.

हे सगळे शपथपत्रावर, म्हणजे ॲफिडेव्हिटवर जाते. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 100 चा मुद्रांक 500 वर गेला आहे. जुन्या दराचा कागद आणून ठेवलेला असेल तर आधी वकिलाला दाखवा. वकीलपत्रासाठीही 500 चा मुद्रांक धरा. नोटरी पानामागे पैसे लावतो. दोनशे पाने पुरावा असेल तर आधी भाव ठरवा, मग शिक्के मारून घ्या.

वकिलाच्या किंवा एजंटच्या फीला ठरलेला दर नाही. म्हणून एकच आकडा ऐकून होकार देऊ नका. तीन भाग लेखी मागा: नोटीस तयार करून दाखल करणे किती, पुरावा तयार करणे किती, सुनावणीला दर तारखेला किती. पहिला आकडा मुद्दाम कमी सांगतात, दुसऱ्यात वसूल करतात. तोवर तुम्ही अडकलेले असता. एजंटच्या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो, वकिलांच्या बाबतीत कराचा हिशेब वेगळा. ‘सगळे धरून किती’ हा प्रश्न दोघांनाही विचारा. प्रत्येक सरकारी फीची पोर्टलवरची पावती मागा. पावती नसलेला खर्च सरकारी नव्हे.

बिलात अशा नोंदी दिसल्या तर थांबा. ‘सर्च रिपोर्ट’: शोध फुकट आहे, विश्लेषणाचे पैसे असू शकतात, पण त्यासाठी हजारो रुपये देऊ नका. ‘हिअरिंग फी सरकारी’: सुनावणीची सरकारी फी नाही. तारीख पुढे ढकलायची असेल तर टीएम-एम, ऑनलाइन 900 रुपये, आणि तेही जास्तीत जास्त दोनदा, प्रत्येक वेळी तीस दिवसांपर्यंत. तारीख तुमच्या वकिलाला सोयीची नाही म्हणून ढकलली जात असेल तर ते 900 त्यांनी भरावेत. ‘ऑफिस एक्स्पेन्स’: हा शब्द खोडायला सांगा. ईमेलवर कोणत्याही खात्यात ‘ट्रेडमार्क फी’ भरायला सांगितले तर भरू नका. पैसे फक्त सरकारी पोर्टलवर जातात.

आता वेळापत्रक. तुमची नोटीस कार्यालय समोरच्याला पाठवते. ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत त्याला काउंटर स्टेटमेंट, म्हणजे लेखी उत्तर द्यावे लागते, त्याचीही फी तेवढीच. दिले नाही तर त्याचा अर्ज सोडून दिला असे धरले जाते आणि तुमचे काम तिथेच होते. असे घडते, विशेषतः समोरच्याने नाव सहज म्हणून टाकलेले असेल तर. काउंटर आले तर ते मिळाल्यापासून दोन महिन्यांत तुमचा पुरावा. हा टप्पा सर्वांत धोक्याचा आहे. दोन महिन्यांत पुरावा किंवा ‘आम्ही नोटिशीतल्या गोष्टींवरच अवलंबून आहोत’ असे पत्र गेले नाही, तर तुमचा विरोध सोडून दिला असे मानले जाते. पुराव्याची प्रत समोरच्यालाही पाठवायची असते. नोटिसा ईमेलवर येतात, कित्येकदा एजंटच्या ईमेलवर. त्याने कळवले नाही म्हणून कायदा थांबत नाही. दर सोमवारी अर्जाचा क्रमांक टाकून स्टेटस तुम्ही स्वतः बघा. पुढे समोरच्याला पुराव्यासाठी दोन महिने, तुम्हाला उत्तरासाठी एक. मग सुनावणीची रांग, तिला वर्षे लागू शकतात.

किती वर्षे, याचे भांडुपचेच उदाहरण आहे. एलबीएस मार्गावरच्या शांग्रिला या बिस्किट कंपनीने 1949 मध्ये ‘ग्लुविटा’ नावासाठी अर्ज केला. ‘ग्लुकोविटा’ विकणाऱ्या कॉर्न प्रॉडक्ट्स रिफायनिंग कंपनीने विरोध केला. डेप्युटी रजिस्ट्रारने विरोध फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मान्य केला, खंडपीठाने उलटवला, आणि 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्लुविटा’ची नोंदणी नाकारली. एक पावडर, दुसरे बिस्किट. तरी गिऱ्हाइकाला दोन्ही नावे अर्धवट आठवतात आणि मालाचा एकमेकांशी संबंध वाटतो, एवढे पुरले. तुमचा फेस पॅक आणि समोरच्याचा फेस वॉश असेल तर हा निकाल वकिलाला दाखवायला सांगा. उच्चाराच्या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाचा 1996 चा ‘लॅक्मे’विरुद्ध ‘लाइक मी’ हा निकालही कामाचा आहे.

मात्र वर्षानुवर्षे गप्प बसलात तर जिंकलेली बाजूही पातळ होते. ‘अमृतधारा’ने ‘लक्ष्मणधारा’ला विरोध केला तेव्हा 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नावे फसवी सारखी आहेत हे मान्य केले. पण समोरचा कित्येक वर्षे उघडपणे विकत होता, म्हणून उत्तर प्रदेशापुरती नोंदणी दिली.

विरोधाने काय होत नाही, तेही ऐका. विरोध चालू असताना समोरच्याची नोंदणी अडते, त्याला नोंदणीचे ‘गोल आर’ चिन्ह लावता येत नाही. विक्री मात्र थांबत नाही. ती थांबवायला कोर्टात पासिंग ऑफचा, म्हणजे स्वतःचा माल तुमचा म्हणून खपवल्याचा दावा लागतो, आणि तो खर्च या सगळ्याहून मोठा. चार महिने निघून गेले आणि नोंदणी झाली, तर कलम 57 खाली नाव काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. फॉर्म तोच, फी तीच, पण नोंदलेले नाव उखडणे जास्त जड जाते.

कधी विरोध करू नये? सारखा शब्द ‘हर्बल’, ‘ग्लो’, ‘नॅचरल’ किंवा ‘उटणे’ एवढाच असेल तेव्हा. हे शब्द वर्णनाचे आहेत, कोणाच्याच मालकीचे नाहीत. 2,700 आणि वकिलाची फी दोन्ही वाया जातील. समोरचा लहान उद्योजक असेल आणि त्याने नावात बदल करायची तयारी दाखवली तर एक लेखी समझोता सर्वांत स्वस्त. फक्त बोलणी चालू आहेत म्हणून नोटीस रोखून धरू नका. आधी दाखल करा, मग बोला. समझोता झाला तर विरोध मागे घेता येतो.

आणि तुमचा स्वतःचा ट्रेडमार्क अजून नोंदलेला नसेल तर विरोधाच्याच आठवड्यात क्लास 3 मध्ये तुमचा अर्ज टाका. 4,500 रुपये, उद्यम प्रमाणपत्र जोडून, आणि ‘कधीपासून वापर’ या रकान्यात तुमच्या सर्वांत जुन्या, ब्रँडचे नाव असलेल्या बिलाची तारीख.