बंदिवानांची शुश्रूषा आणि आपण

तुरुंग म्हटला की डोळ्यांपुढे उंच भिंत व लोखंडी दरवाजा उभा राहतो. त्या भिंतीआड माणसे आजारीही पडतात, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. न्यायालय माणसाचे स्वातंत्र्य काढून घेते, औषधोपचाराचा हक्क नव्हे. हा भेद विद्यार्थ्यांनी प्रथम समजून घ्यावा.

प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असावी, असे १८९४ च्या कारागृह अधिनियमाने ब्रिटिश अमदानीतच सांगितले होते. जखमी माणूस निर्दोष असो वा गुन्हेगार, त्याचा जीव वाचविणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात दिला. बंदिवानास बाहेरच्या समाजाइतकीच आरोग्यसेवा मिळावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत म्हटले आहे.

तरी प्रत्यक्षात काय घडते? तळोजा कारागृहातील वृद्ध बंदी फादर स्टॅन स्वामी यांना कंपवात होता. हात थरथरत असल्याने पेला धरता येईना. नोव्हेंबर २०२० मध्ये साध्या स्ट्रॉ व सिपरसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, बंदी असतानाच, मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. शुश्रूषा म्हणजे केवळ गोळ्या-इंजेक्शन नाही. आजाऱ्याला पाणी कसे पिता येईल, हे पाहणे म्हणजेच शुश्रूषा.

कारागृहातील परिचारिकेचे काम मोठे आहे. बंदी आत येताच जुने आजार व चालू औषधे यांची नोंद घेणे, दररोज औषध देणे, खचलेल्या मनाकडे लक्ष ठेवणे, गर्भवती स्त्रीची काळजी घेणे. दाटीवाटीच्या बराकीत क्षयरोग हवेतून लवकर पसरतो. त्याचे औषध अनेक महिने अखंड घ्यावे लागते. बदली वा सुटका झाली आणि औषध मध्येच तुटले, तर रोग औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून माणसासोबत त्याचा उपचाराचा कागदही गेला पाहिजे.

२०२२ साली देशातील बंदिवानांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्यांत गोरगरिबांची मुले फार. रिद्धपूरसारख्या गावातील एखाद्या घरचा माणूस अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात असेल, तर लाजेने गप्प बसू नये. त्याच्या आजाराची कागदपत्रे अधीक्षकांकडे लेखी अर्जासह द्यावीत व पोच घ्यावी. वकील करण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागावी. आणि आमच्या ज्या मुली-मुलांनी परिचर्येचे शिक्षण घेतले आहे, त्यांनी भिंतीआडच्या रुग्णालाही आपला रुग्ण मानावे, एवढीच विनंती.