संगमरवराची निगा

आमच्या शाळेच्या ओसरींत एक पांढरी संगमरवरी शिळा बसविलेली आहे. येथें ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें अशा शिक्षकांचीं नांवें तीवर कोरलेलीं आहेत. गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीं तीवर चहाचे शिंतोडे उडालेले दिसले. घरीं पितळेचीं भांडीं चिंचेनें लख्ख होतात, मग शिळा कां होऊं नये, असें वाटून आम्हीं विद्यार्थ्यांनीं ती चिंच व लिंबू लावून घासली. डाग फिका झाला खरा. परंतु जेथें जेथें आमचा हात फिरला, तेथें शिळेची झिलई गेली व ती जागा खडूसारखी निस्तेज झाली. सद्हेतूनें केलेल्या कामाचा असा परिणाम पाहून आम्हांस फार वाईट वाटलें.

याचें कारण आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. संगमरवर म्हणजे भूगर्भांतील उष्णता व दाब यांनीं पालटलेला चुनखडक. त्याचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट होय. प्रयोगशाळेंत संगमरवराच्या तुकड्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून आम्हींच कार्बन डायऑक्साइड वायु तयार केला होता. चिंच व लिंबू यांतील आम्लांनीं शिळेवर तेंच कार्य सावकाश केलें. शिवाय हा दगड मऊ आहे. मोहस्‌च्या मापाप्रमाणें त्याचें काठिण्य सुमारें 3, तर वाळूंतील क्वार्ट्‌झचें 7. म्हणून वाळूनें किंवा खरखरीत भुकटीनें घासल्यास त्यावर ओरखडे उठतात.

यावरून डाग व चट्टा यांतील भेद ध्यानांत येईल. डाग म्हणजे दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेला परका रंग. तो बाहेर काढतां येतो. चट्टा म्हणजे दगडाचाच झिजलेला पृष्ठभाग. तो धुवून जात नाहीं, पुन्हा झिलईच द्यावी लागते.

आंत मुरलेला डाग घासून नव्हे, तर शोषून काढावा. तेलाच्या डागावर खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून त्याचा जाड लेप द्यावा. चहाच्या डागासाठीं पांढरी शोषक माती पाण्याऐवजीं सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्यें कालवावी. लेपावर प्लास्टिकचा कागद झांकून एक दिवस ठेवावा. मग कागद काढून लेप वाळूं द्यावा. वाळतांना तो डाग आपल्यांत ओढून घेतो. शेवटीं साध्या पाण्यानें धुवून कोरड्या फडक्यानें पुसावें. प्रथम एका कोपऱ्यांत थोडक्यांत करून पाहावें, हें उत्तम. मकराण्याच्या संगमरवरानें मढविलेल्या ताजमहालाचा पिंवळेपणा घालविण्यासाठीं 1994 पासून वेळोवेळीं मुलतानी मातीचा लेप देण्यांत आला आहे. त्याचें तत्त्व हेंच.

आतां कित्येक घरांतील न्हाणीघरांत हात धुण्याचीं भांडीं व फळ्या कृत्रिम संगमरवराच्या असतात. दगडाची भुकटी पॉलिएस्टर राळेंत मिसळून ती साच्यांत ओततात. वर राळेचाच पातळ, चकचकीत लेप असतो. तेथें दगडाची नव्हे, त्या लेपाची काळजी घ्यावयाची. बहुतेक डाग वरवरच राहतात व साबणाच्या पाण्यानें आणि मऊ फडक्यानें निघतात. न निघाल्यास सोड्याचा ओला लेप हलक्या हातानें फिरवावा. भांडीं घासण्याची भुकटी व तारेचा चोथा यांस तेथें मुळींच थारा देऊं नये. लेप एकदां खरवडला कीं मळ तेथेंच धरूं लागतो. तापलेलें भांडें ठेवूं नये व नखांचा रंग काढण्याचें ॲसिटोन सांडूं देऊं नये. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे थर पाणी घातलेल्या शिरक्यानें पुसून लगेच धुतले तरी येथें चालतें. खऱ्या संगमरवरास मात्र शिरका वर्ज्य. म्हणून आपल्या घरीं कोणता प्रकार आहे, हें प्रथम विचारून घ्यावें.

पुढें एका पाथरवटानें आमच्या शिळेस पुन्हा झिलई दिली. पण घासली गेलेली अक्षरांची धार परत आली नाहीं. आतां दर शनिवारीं ती शिळा पुसण्याचें काम आम्हीं आपणाकडे घेतलें आहे. साधन एवढेंच : मऊ फडकें व स्वच्छ पाणी. वर्गांत शिकलेलें ज्ञान हातापर्यंत पोंचण्यास आम्हांस एक शिळा बिघडवावी लागली. वाचकांस तशी पाळी न यावी, एवढ्याचसाठीं हा लेख.