तांब्याच्या वाटा

गणपतीच्या आराशीत दिवे आपोआप लुकलुकतात. त्यांच्या डबीत एक लहान पाटी असते. तिच्यावर तारा नसतात, तांब्याच्या बारीक रेघा असतात. विजेला जायच्या त्या वाटा. या पाटीला सर्किट बोर्ड म्हणतात. तो घरीही करता येतो.

तांबे चढवलेली कोरी पाटी विकत मिळते. तांब्याचा थर अगदी पातळ, साधारण ०.०३५ मिलिमीटर. वाटांपुरते तांबे ठेवायचे, बाकीचे काढायचे. पण कसे?

झेरॉक्सच्या दुकानात लेसर छपाई होते. तिची शाई ओली नसते. ती प्लॅस्टिकची काळी पूड असते. तिला टोनर म्हणतात. उष्णता लागली की ती वितळते आणि चिकटते. वाटांचे चित्र चकचकीत कागदावर छापून घ्यावे. मात्र उलटे! रबरी शिक्क्यावर अक्षरे उलटी असतात ना, तसे. माझी पहिली पाटी मी सुलट छापली. सगळ्या वाटा उलट्या उमटल्या. जन्मभर मुलांच्या चुका काढल्या, आणि मीच चुकलो.

पाटी घासून स्वच्छ करा. मग तिला बोट लावू नका. कागद तिच्यावर पालथा ठेवा. गरम इस्त्री तीन-चार मिनिटे दाबून फिरवा. गार झाल्यावर पाण्यात भिजवा आणि कागद हळूहळू चोळून काढा. काळ्या रेघा पाटीवर राहतात.

आता पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात ठेवा. उघडे तांबे विरघळते. टोनरखालचे वाचते. शेवटी ॲसिटोनने टोनर पुसा. ॲसिटोन चटकन पेटते, चुलीजवळ नको. मग भोके पाडा.

भांडे प्लॅस्टिकचेच हवे. पितळी परात घ्याल तर परातच खाल्ली जाईल! हातमोजे आणि चष्मा घाला. पोरांना लांब ठेवा. ही पाटी सेलवरच चालवा, घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला जोडू नका.

आणि ते वापरलेले पाणी? त्यात तांबे उतरलेले असते. तांब्याने मासे मरतात. कारखान्यांच्या सांडपाण्याला आपण नावे ठेवतो. मग आपली वाटी रोह्यात कुंडलिकेत, नाहीतर पेणला भोगावतीत कशी ओतायची? मोरीतही नको. ते पाणी पुन्हा पुन्हा वापरता येते. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून, बूच लावून ठेवा. अगदी निकामी झाले तर घातक कचरा नेणाऱ्यांकडेच द्या. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'विष' असे लिहा. आता लिहिता येते ना आपल्याला?