अक्कलदाढेचा थ्रीडी स्कॅन: कधी करावा, किती मोजावे?

अक्कलदाढ आडवी आहे म्हटलं की हल्ली चिठ्ठीवर लगेच ‘सीबीसीटी’, म्हणजे थ्रीडी स्कॅन, लिहून येतं. आधी विचारा, ओपीजी झाला का? दोन्ही जबड्यांचा हा सपाट एक्स-रे पुण्या-मुंबईत साधारण ४०० ते ८०० रुपयांत होतो आणि बऱ्याच दाढांचं काम त्यावरच भागतं.

थ्रीडी लागतो तो खालच्या दाढेचं मूळ नसेला भिडल्यासारखं दिसलं तर. ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातल्या नळीतून जाते. ओपीजीवर या नळीच्या दोन पांढऱ्या रेघा दिसतात. मुळापाशी त्या तुटल्या, वळल्या किंवा मूळच तिथे काळपट दिसलं, तर सावध व्हायचं. नस दुखावली तर ओठ काही आठवडे-महिने बधिर राहतो, क्वचित कायमचा. नस गालाच्या बाजूने गेलीय की जिभेच्या, मध्ये हाड शिल्लक आहे का, हे सीबीसीटीतच कळतं. त्यावरून कधी कधी मुळं आत ठेवून वरचाच भाग कापायचं ठरतं. अक्कलदाढेखेरीज, टाळूकडे अडकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ झिजवतोय का, हेही त्यात दिसतं.

दर ठरतो तो किती भाग घेतला यावर. एका दाढेपुरता अंदाजे १,००० ते १,५०० रुपये, एक जबडा १,५०० ते २,५००, दोन्ही ३,००० ते ५,०००. गावागणिक फरक पडतोच. ‘थोडे जास्त द्या, पूर्णच काढू’ या आग्रहाला बळी पडू नका. भाग वाढला की सहसा रेडिएशनही वाढतं. शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात खर्च बराच कमी, पण यंत्र चालू आहे का ते विचारून जा. साध्या मेडिक्लेममध्ये हा खर्च बहुधा बसत नाही.

नथ, कानातले, गळ्यातलं काढून ठेवा. गरोदर असाल तर आधीच सांगा. स्कॅनला काही सेकंदच लागतात, पण मान हलली की चित्र पुसट. पुन्हा काढावा लागला तर पैसे कोणाचे, हे काउंटरवरच विचारा. नुसत्या प्रिंटवर समाधान मानू नका. डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) आणि रेडिऑलॉजिस्टच्या सहीचा रिपोर्ट त्याच पैशांत आहे का, हे पैसे भरण्याआधी पक्कं करा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर फाइलच लागते.