संगणक वारंवार बंद पडतो? आधी ड्रायव्हर तपासा

दिवाळ्यात छपाई-टायपिंगचा धंदा करणाऱ्याचा संगणक ऐन लग्नपत्रिकांच्या हंगामात बंद पडू लागला, तर गिऱ्हाईक तुटते. मात्र नवे यंत्र घेण्याची घाई करू नये.

प्रथम कामाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. विंडोज १० किंवा ११ असल्यास शिफ्ट दाबून रीस्टार्ट करावे. ट्रबलशूटमधील स्टार्टअप सेटिंग्जमध्ये पुन्हा रीस्टार्ट करून ४ दाबला की सेफ मोड येतो. तेथे विंडोजचा साधा ड्रायव्हर चालतो. संगणक स्थिर राहिला, तर ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अॅडाप्टर्सखाली ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबावे. ते बटण चालत नसेल, तर ड्रायव्हर काढून उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच पुन्हा घ्यावा.

सेफ मोडमध्येही बंद पडला, तर रॅम, कार्ड व पंख्यातील धूळ पाहावी. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो, हे विसरू नये.