खोली बघण्याआधी पंचांग बघ

अगं, तू पाठवलेले उज्जैन-ओंकारेश्वरच्या हॉटेलांचे सगळे भाव मी वाचले. सासू-सासरे, तुम्ही दोघं, दोन पोरं. दोन खोल्या, तीन रात्री. आणि खाली तुझं वाक्य, "ताई, एवढ्यात घरात नवा फ्रिज येईल, यात्रा राहू दे." राहू देऊ नकोस माय. तुझ्या सासऱ्यांच्या तोंडी महाकालचं नाव मी तुझ्या लग्नापासून ऐकते आहे. त्यांचे गुडघे चालताहेत तोवर त्यांना घेऊन जा. भाव खाली आणता येतो, पण तू कूपनं शोधत बसलीस तसा नाही. तू आधी तारीख पक्की केलीस, मग गावं ठरवलीस आणि शेवटी हॉटेल शोधायला मोबाईल हातात घेतलास. तोवर पैसे वाढून बसले होते.

तू श्रावणातला दुसरा सोमवार धरला आहेस. आपल्याकडे श्रावण अमावास्येनंतर लागतो, पण मध्य प्रदेशात महिना पौर्णिमेनंतर बदलतो. म्हणजे गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी तिकडे श्रावण सुरू, आपल्या पंधरा दिवस आधीच. तिकडचे लोक त्यांच्या सोमवारी येतात, आपण खान्देशातले आपल्या सोमवारी जातो. महाकालची सवारी दर सोमवारी निघते आणि ती आपल्या पोळ्याच्या आसपासपर्यंत चालू असते. जवळजवळ दीड महिना उज्जैनमध्ये रविवार-सोमवारच्या रात्री खोली स्वस्तात मिळेल ही आशाच सोडायची. त्यात 11 ऑक्टोबर 2022 ला महाकाल लोक सुरू झाल्यापासून गर्दी बारमाही झाली आहे. पूर्वी आडवारी गेलं की गाव मोकळं मिळायचं, आता तसं नाही. म्हणून दिवस निवडणं पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय.

माझं ऐकशील तर संक्रांत होऊ दे. वाण-हळदीकुंकू आटोप आणि महाशिवरात्रीच्या गर्दीआधी निघ. 26 जानेवारीला जोडून आलेली सुट्टी मात्र टाळ. थंडी असते, म्हाताऱ्या माणसांना उन्हाचा त्रास नाही. पोरांची शाळा दोन-तीन दिवस बुडेल, बुडू दे. आजी-आजोबांबरोबर नर्मदा बघतील.

आता वार. इंदूर हे व्यापाराचं गाव आहे, आपल्या जळगावसारखंच पण कितीतरी मोठं. तिथली हॉटेलं सोमवार ते शुक्रवार कंपन्यांच्या माणसांनी भरतात आणि शनिवार-रविवारी बरीचशी रिकामी होतात. उज्जैन-ओंकारेश्वरचं बरोबर उलटं. शनिवार-रविवार आणि सोमवार तिथे भरगच्च, मंगळवारपासून गाव जरा सैल होतं. तू काय केलंस? रविवारी थेट उज्जैन आणि परतताना मंगळवारी इंदूर. दोन्हीकडे महागाच्या दिवशी. हेच फिरव. रविवारी सकाळी धुळ्याहून निघा, शिरपूर-सेंधवा करत इंदूर. त्या रात्री पोरांना सराफ्यात ने, दिवसा सोन्या-चांदीची दुकानं असतात आणि रात्री तिथेच खाण्याचा बाजार भरतो. सोमवारी दुपारपर्यंत इंदूर फिरा आणि संध्याकाळी उज्जैन गाठा, तोवर सोमवारची दर्शनाची माणसं परतीला लागलेली असतात. मंगळवारी महाकाल, मग ओंकारेश्वर, बुधवारी घरी. रात्री तेवढ्याच तीन, गावं तीच. फक्त लग्नाची दाट तिथी त्या दिवसांत आहे का तेवढं पंचांगात बघ, कारण मुहूर्ताच्या दिवशी इंदूरचा हा हिशोब कोलमडतो. वऱ्हाडी अख्खी हॉटेलं घेऊन टाकतात.

मामंजींना भस्म आरती करायची असेल तर राहण्याची जागा वेगळ्या तऱ्हेने ठरव. आरती पहाटे चारच्या सुमाराला असते, तिची नोंदणी आधी मंदिराच्या अधिकृत संकेतस्थळावर करावी लागते आणि माणसं मध्यरात्रीनंतरच रांगेला लागतात. म्हणजे त्या रात्री तुम्ही खोलीत जेमतेम तीन-चार तास पाठ टेकणार. अशा रात्रीसाठी मोठं हॉटेल कशाला? पण स्वस्त म्हणून गावाबाहेर किंवा इंदुरातच राहाल तर रात्री दीडला सहा माणसांना घेऊन लांबून यावं लागेल, इंदूरहून तर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. त्यापेक्षा मंदिरापासून पायी जाता येईल अशी साधी, स्वच्छ जागा घे. मंदिर समितीचं स्वतःचं भक्तनिवास आहे, पहिली चौकशी तिथे कर. आरती करायची नसेल तर मात्र मंदिराच्या अगदी दाराशी राहण्याचे जादा पैसे देऊ नकोस.

ओंकारेश्वरला आपल्या शेगावच्या गजानन महाराज संस्थानची शाखा आहे, पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वरला आहे तशी. सासूबाईंना तिथे घरी आल्यासारखं वाटेल. तिथली स्वच्छता बघून मला दरवेळी बरं वाटतं. शेगावात खोली आधी राखून ठेवत नाहीत, आलेल्या क्रमाने देतात. ओंकारेश्वरलाही तसंच असेल असं धरून तिथे दिवसाउजेडी पोहोचा, सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी ठेवा आणि तिथे खोली नाही मिळाली तर कुठे जायचं ते एक नाव लिहून ठेवा. अशा धार्मिक संस्थांच्या, दिवसाला हजार रुपयांखालच्या खोल्यांवर जीएसटीही लागत नाही. आणि कुणी तुला "भक्तनिवास ऑनलाइन बुकिंग" म्हणून लिंक पाठवली, आधी पैसे मागितले, तर पैसे भरण्याआधी थांब. यात्रेकरूंच्या राहण्याच्या नावाने खोट्या वेबसाइट चालतात, म्हणून केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे विभागाने एप्रिल 2025 मध्ये लोकांना सावध केलं होतं. नंबर संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घे. पैसे गेलेच तर क्षणही न घालवता 1930 ला फोन करायचा, लाजायचं नाही.

आता हॉटेलचं बोलू, कारण दोन रात्री तरी तुला हॉटेल लागणार. ॲपवर हॉटेल शोध, फोटो बघ, लोकांनी काय लिहिलंय ते वाच. वाईट शेरे आधी वाच, आणि त्यातही अलीकडचे. मग ते ॲप बाजूला ठेव आणि त्या हॉटेलच्या काउंटरवर सरळ फोन लाव. ॲपवाले हॉटेलकडून प्रत्येक बुकिंगमागे कमिशन घेतात. तेवढं सुटणार असेल तर हॉटेलवाला भावात काहीतरी सोडायला तयार होतो, निदान एखादी जादा गादी फुकट देतो. पूर्वी हॉटेलांचे हात बांधलेले असायचे. आमच्यापेक्षा कमी भावाने दुसरीकडे खोली द्यायची नाही, अशा अटी करारात असत. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटींचा दंड ठोठावला, त्यात अशा अटींचंही कारण होतं, आणि त्या अटी करारातून काढायला सांगितल्या. म्हणून फोनवर विचारायला संकोचू नकोस. "ॲपवर अमुक भाव दिसतोय, थेट घेतलं तर काय द्याल?" एवढं म्हण आणि गप्प राहा. आपल्या बायका भाजीबाजारात पाच रुपयांसाठी हुज्जत घालतात आणि पाच हजारांच्या खोलीला मुकाट्याने हो म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

जळगावला सोनं घेताना आपण भावाआधी घडणावळ विचारतो ना, तसंच खोलीचं. नुसता दर विचारू नकोस, शेवटी हातात येणारं बिल विचार. कर धरून की कर सोडून? सकाळचा नाश्ता धरून आहे का? काउंटरवर त्याला सीपी म्हणतात आणि नुसत्या खोलीला ईपी. ज्या दिवशी पहाटेच बाहेर पडणार त्या दिवशी सीपी घेऊन काय करशील? ईपी घे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तुझ्या सासूबाईंच्या डब्यात असतेच. पोरांचे पैसे कोणत्या वयापासून लागतात? जादा गादीचे किती? गाडी उभी करायचे वेगळे का? चेकआउट दुपारी बाराला की 24 तासांचं? उज्जैनला संध्याकाळी सहाला पोहोचणार असाल तर 24 तासांच्या लॉजमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोली तुमची. आरतीहून आल्यावर म्हाताऱ्यांना चार तास झोप मिळते, त्यासाठी वेगळा दिवस मोजावा लागत नाही. हा एक प्रश्न विचारल्याने वाचतात तेवढे पैसे कुठल्याही कूपनाने वाचत नाहीत.

कराचंही सांगून ठेवते. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे, आधी तो बारा होता. दोन हजारांच्या खोलीला 240 रुपये जायचे तिथे आता 100. तुझ्या दोन खोल्या, तीन रात्री धर, 840 रुपयांचा फरक पडतो. बिलावर बारा टक्के दिसले तर तिथल्या तिथे विचार. जेवणाच्या बिलात न विचारता सेवाशुल्क घातलं असेल तर तेही काढून घ्यायला सांग, ते देणं आपल्या मर्जीवर असतं. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

कधी ॲपवरच घेणं स्वस्त पडतं, बँकेच्या कार्डावर खरोखर सूट असते. असेल तर जरूर घे, त्यात काही कमीपणा नाही. पण "शेवटची एकच खोली", "आत्ता बारा जण बघताहेत" असं लाल अक्षरात आलं की घाबरून बटण दाबू नकोस. खोटी घाई दाखवणं, शेवटच्या पानावर शुल्क वाढवणं, न विचारता विमा किंवा देणगी टोपलीत टाकणं, हे सगळं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या नियमांत बंद केलं आहे. तरी दिसतं, म्हणून शेवटचं पान नीट वाच. घ्यायचीच तर रद्द करता येईल अशी खोली घे, दोन-तीनशे जास्त गेले तरी. घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं असताना पैसे परत न मिळणारं बुकिंग करणं मला पटत नाही, एकाला ताप आला की सगळं गेलं. शिवाय रद्द करता येणारी खोली हातात असली की निघायच्या आठवडाभर आधी पुन्हा भाव बघता येतो. उतरला असेल तर नवी घ्यायची, जुनी सोडायची.

फोनवर ठरलं की व्हॉट्सॲपवर लिहून घे. तारीख, खोल्या किती, कर धरून किती, गादी, चेकआउटची वेळ. आगाऊ रक्कम थोडीच दे आणि यूपीआयवर नाव हॉटेलचं येतं का ते बघूनच दे. आधारची प्रत मागितली तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, ती पाठव.

एक सहज आठवलं. घरातल्या कुणाला तपासणीला मुंबईला न्यायचं असेल तेव्हा हे सगळं करत बसू नकोस. रात्रीच्या रेल्वेने गेलं की एका रात्रीची खोली वाचते, आणि आंघोळ-विश्रांतीपुरतं स्टेशनवरचं रिटायरिंग रूम बघ. पक्कं किंवा आरएसी तिकीट असलं की पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर मिळतं. जुलै 2024 पासून त्यावर जीएसटीही नाही. या वेळी मात्र तुम्ही मोटारीने जाताय, कारण एसटीचं बायकांचं अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालतं आणि पुढे बायकांचंही पूर्ण भाडं लागतं.

आणि जिथे वाचवायचं नाही तेही ऐक. सहा जणांत एकच खोली घेऊन सासूबाईंना जमिनीवरच्या गादीवर झोपवू नकोस. जादा गादी पोरांना, पलंग मोठ्यांना. सासऱ्यांसाठी तळमजला किंवा लिफ्ट आणि कमोड आहे का, ते फोनवर विचारून घे. तिसऱ्या मजल्यावरची खोली चारशेने स्वस्त असली तरी नको. आतून कडी नीट लागत नसेल किंवा काउंटरवरच्या माणसाचं बोलणं तुला बरं वाटलं नाही, तर आगाऊ दिलेले पैसे सोडून दे आणि दुसरीकडे जा. पाव्हणे कुरकुरले तर ताईने सांगितलंय म्हण.

आता पंचांग घेऊन बस, मामंजींना विचारून जानेवारीतले दोन मंगळवार काढ आणि मला कळव. उज्जैनचे फोन मी लावते, इंदूरचे तू लाव. भाव दोघींनी एकाच वहीत लिहू.